मोडाचा राजमा

मी राजम्याला मोड काढले. हे वाक्य दिल्लीकडच्या एखाद्या बाईला ऐकवलं तर ती कपाळावर हात मारून घेईल, पण मी निफाडकडच्या घरात वाढलेली. आमच्याकडे कडधान्य म्हटलं की ते भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड काढायचे आणि मगच चुलीवर चढवायचं. मूग असो, मटकी असो, हुलगे असोत, कुणाचीही यातून सुटका नव्हती. बिनमोडाची उसळ म्हणजे आळशी बाईचा स्वयंपाक, असं माझी आई म्हणायची. ते माझ्या अंगात इतकं भिनलंय की हॉटेलात छोले समोर आले तरी माझी नजर आधी मोड शोधते.

राजमा आमच्या इंदिरानगरच्या घरात आला तो मुलामुळे. एकुलता एक मुलगा. शेतकीची पदवी झाल्यावर स्पर्धा परीक्षेचं घेतलं आणि दिल्लीला गेला. पाच वर्षं तिथे एका खोलीत तिघं मिळून राहिला. एकदा पूर्व परीक्षा पास झाला, मुख्य परीक्षेत अडकला. बाकीच्या वेळी पहिल्याच पायरीवरून परत. मग एका दिवाळीला बॅगा, पुस्तकांची दोन खोकी आणि हा राजमा घेऊन घरी आला. म्हणाला, "शेवटचा प्रयत्न इथूनच देतो." वयाची अट संपत आली होती. या वेळी झालं तर झालं, नाहीतर दार कायमचं बंद.

दर रविवारी तो स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचा. शनिवारी राजमा भिजत टाकायचा, सकाळी ते पाणी ओतून द्यायचा आणि सरळ कुकरला लावायचा. शिट्ट्यांवर शिट्ट्या. मग कांदा-टोमॅटो-आल्याचा मसाला इतका वेळ परतायचा की मला ओट्याशी उभं राहवत नसे. शेजारच्या गॅसवर मोकळा भात.

"अरे, ही कसली उसळ? मोड नाही, काही नाही," मी म्हणायचे.

"आई, ही उसळ नाहीये. राजमा आहे."

"आहे कडधान्यच ना? का त्याला पण परीक्षा द्यावी लागते?"

तो हसायचा. त्या दिवसांत तो एवढ्यासाठीच हसायचा, म्हणून मी दर रविवारी काहीतरी टोमणा शोधून ठेवायचे. चावल म्हण, भात म्हण, पण ताटात डोंगर करून त्यावर राजमा ओतून तो जेवायला बसला की मला बरं वाटायचं. आठवड्यातला तेवढा एक तास तो या घरात असायचा. बाकी सगळा वेळ खोलीत.

खोलीत काय चाललंय हे मला दिसत होतं, आणि मी ते बघायचं नाही असं ठरवलं होतं. हे आज स्पष्टच सांगते. पुस्तक उघडं असायचं आणि पान तासभर तेच असायचं. पेनाचं बटण टकटक, टकटक, टकटक. मध्येच उठून गच्चीवर जायचा, गच्चीवरून खाली, खालून गाडी पुसायला. मोटारसायकल आठवड्यातून चारदा पुसणारा मुलगा अभ्यास करत नाही हे कळायला आई असावं लागत नाही. पण मी म्हणायचे, ताण आहे, दुसरं काय.

खरं म्हणजे बसवत मलाही नव्हतं. मी डबे पुसायचे. पुसलेले डबे परत पुसायचे. टीव्ही लावायचे आणि बंद करायचे. नवरा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पेपर घेऊन एका खुर्चीत चार तास बसू शकणारा माणूस. त्याचाच राग यायचा.

"अहो, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वाटतं की."

"मग?"

"मग काय, मी पण गाडी पुसू?"

मला काय हवं होतं ते लपवण्यासारखं नव्हतं. मला मुलगा साहेब झालेला बघायचा होता. माहेरी, सासरी, सोसायटीत, भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना मी सांगून बसले होते. चार वेळा नापासाची बातमी मीच फोनवर दिली होती, "थोडक्यात गेलं हो," असं म्हणत. पाचव्यांदा ते म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. त्याच्यात होती की नाही, हा विचार मी केला नव्हता.

परीक्षा उन्हाळ्यातल्या एका रविवारी होती. आधीच्या सोमवारी मी विचारलं, "त्या दिवशी सकाळी काय करू खायला?"

"काहीही."

"काहीही म्हणजे? पोहे करू? उपमा?"

"कर ना काहीही, आई."

मग मला आठवलं. ज्या वर्षी तो पूर्व परीक्षा पास झाला, त्या वर्षी पेपरच्या सकाळी खोलीतल्या मुलांनी मिळून राजमा-चावल केला होता आणि तो पोटभर खाऊन गेला होता. हे त्यानेच कधीतरी गमतीत सांगितलेलं. मी गमतीत ऐकलं नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी त्याने काय खाल्लं याची मी मनात नोंद ठेवली होती. ब्रेड, केळं, नुसता चहा. आणि तिन्ही वेळा नापास. मी अंधश्रद्धाळू नाही. पण एवढं सरळ दिसत असताना डोळेझाक कशाला करायची?

अडचण एकच होती. राजमा जड. सकाळी सकाळी पोटात दगडासारखा बसला आणि पेपरात झोप आली तर? यावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे. मोड काढा. मोड आलेलं कडधान्य पचायला हलकं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

बुधवारी रात्री राजमा भिजवला. गुरुवारी सकाळी पाणी काढून मऊ सुती फडक्यात बांधला आणि पुरचुंडी चाळणीत ठेवून वर ताट झाकलं. मटकी असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोड डोकावले असते. राजमा ढिम्म. शुक्रवारी दहा वेळा फडकं सोडून बघितलं असेल. दुपारी किंचित वास यायला लागला. सगळे दाणे धुतले, चिकट झालेले वेचून टाकले, नवं फडकं ओलं करून परत बांधले. खोलीत पेनाची टकटक आणि इकडे माझं फडकं सोडणं-बांधणं. शनिवारी संध्याकाळी एकेका दाण्याच्या पोटातून पांढरं टोक बाहेर आलेलं दिसलं आणि मला इतका आनंद झाला की मी ती चाळणी नवऱ्याच्या पेपरावरच नेऊन ठेवली.

"बघा."

त्याने चष्मा वर करून बघितलं. "राजम्याला मोड काढतात?"

"मी काढते."

"त्याला विचारलंस?"

"सगळं काय विचारूनच करायचं असतं?"

रविवारी पहाटे उठून आंघोळ केली. माझा उपास होता. त्याचा पेपर संपेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही असं मी देवापुढे कबूल करून बसले होते. कांदा-टोमॅटोचा मसाला त्याच्या पद्धतीने परतला, त्याबाबत तेवढी कुरकुर केली नाही. मोडाचा राजमा कढईत टाकला, पाण्याचा हबका मारला आणि वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतलं. मोडाची उसळ अशीच शिजवायची, मंद आचेवर, वाफेवर. कुकरला लावली की मोड तुटतात आणि सगळ्याचा लगदा होतो. आईने हाताला धरून शिकवलेली गोष्ट. पाऊण तासाने दाणा काढून बोटांत दाबला. सालीखाली दबला. जरा टणक होता, पण उसळ दाताखाली यायलाच हवी, असं आमचं म्हणणं. चव बघायचा प्रश्नच नव्हता. उपास होता, शिवाय आधी देवाला नैवेद्य दाखवायचा होता. उष्टं कसं करणार?

पावणेसातला त्याला ताट वाढलं. तो आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बसला होता. पहिला घास घेतला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं.

"मोड काढलेत," मी म्हणाले. "पचायला हलका."

त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मान खाली घालून सगळं संपवलं. मग ताट पुढे केलं. "अजून वाढ."

मी वाढलं. नवऱ्याकडे वळून मी भुवया उडवल्या, बघा म्हणून. त्याने चहा घेतला होता. इतक्या सकाळी जेवण त्याला जात नाही, म्हणून तो नंतर खाणार होता.

केंद्र पंचवटीतल्या एका कॉलेजात होतं. नऊनंतर आत घेत नाहीत म्हणून आम्ही आठच्या आधीच निघालो. नवरा गाडी चालवत होता, मुलगा शेजारी, मी मागे. माझ्या मांडीवर त्याच्या ओळखपत्राची पिशवी. मी सारखी चेन उघडून बघत होते. ओळखपत्र आहे, फोटो आहे, दोन पेनं आहेत. परत बंद, परत उघड. द्वारकेच्या चौकात नेहमीसारख्या गाड्या अडकलेल्या. आम्ही चौकाच्या अलीकडे उभे असताना त्याने पोट धरलं.

"बाबा, गाडी बाजूला घ्या."

"इथे कुठे घेऊ? पुढे..."

"बाबा, घ्या."

दार उघडून तो कसाबसा फुटपाथपर्यंत गेला आणि उलट्या सुरू झाल्या. एक झाली, संपली म्हणेपर्यंत दुसरी. पांढऱ्या शर्टावर लाल डाग. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळात बघत होते. हो, बघत होते. साडेआठ. पावणेनऊ. "होईल हं आता, एवढी झाली की बरं वाटेल, आपण जाऊ," असं मी म्हणत होते. एक रिक्षावाला आपली रिक्षा सोडून बाटली घेऊन आला.

"मावशी, लय झालं पोराला. दवाखान्यात न्या ना."

"पेपर आहे हो त्याचा."

"पेपर नाय देऊ शकत तो. बघा ना डोळे कसे झालेत."

मी बघितलं. मग नवऱ्याने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि मला गाडीत बसवलं. नऊ वाजले तेव्हा आम्ही एका छोट्या दवाखान्यात होतो आणि मुलाच्या हाताला सलाईन लावलं जात होतं. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असतील.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"घरचंच. राजमा-भात."

"कुकरला किती शिट्ट्या दिल्या होत्या?"

"कुकर नाही. मोडाचा होता ना. वाफेवर केला."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "काकू, राजम्यात एक प्रकारचं विष असतं. तो खळखळून उकळला नाही तर ते जात नाही. मोड काढले तरी उकळावाच लागतो. संध्याकाळपर्यंत बरा होईल हा, काळजी करू नका."

तो संध्याकाळपर्यंत बरा झाला. काळजी करू नका, हे मात्र मला जमलं नाही.

घरी येऊन मी कढईतला राजमा कचऱ्याच्या पिशवीत ओतला आणि पिशवी घेऊन तीन मजले उतरले. वर आले तर नवरा ओट्याशी उभा राहून माझ्यासाठी खिचडी टाकत होता. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने पुस्तकांची खोकी बांधली आणि एका अभ्यासिकेत देऊन आला. महिन्याभरात त्याला वणीकडच्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीत नोकरी लागली. द्राक्षबागा बघायच्या, माती तपासायला पाठवायची, टोमॅटोवर कसला रोग पडलाय ते सांगायचं. सकाळी सातला मोटारसायकल काढायचा, ते संध्याकाळी उन्हात रापून, बुटांना चिखल लावून परत यायचा आणि चार पोळ्या खायचा.

लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ऐन वेळी ताप आला. कुणाला कसा सांगणार राजमा? भिशीतल्या बायकांत कुणी मोडाची मिसळ म्हटलं तरी मी विषय बदलायचे. मी मोड काढणंच सोडलं. सोललेल्या मुगाची डाळ, तुरीचं वरण, बस्स. काम करता करता हात थांबायचे आणि मी तो हिशोब नव्याने मांडायचे. उपास धरला नसता तर चव बघितली असती. चव बघितली असती तर कळलं असतं. कळलं असतं तर कुकरला लावला असता आणि मुलगा आज कुठल्या कुठे असता. तो जितका आनंदात दिसायचा तितकं मला वाटायचं की माझ्यासाठी नाटक करतोय. पोराचं आयुष्य मी एका कढईत घालवलं, या विचाराने मी अकरा महिने धड झोपले नाही आणि धड बसले नाही.

मग गेल्या चैत्रातल्या एका रविवारी तो सकाळी स्वयंपाकघरात आला आणि त्याने कुकर काढला. पातेल्यात राजमा भिजलेला होता. रात्री कधीतरी त्यानेच भिजवला असावा. मी बाहेर गेले, परत आत आले. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तो निवांत कांदा चिरत होता. तिसऱ्या शिट्टीला माझ्याच्याने राहवेना.

"माझ्यामुळे गेलं रे तुझं सगळं," मी म्हणाले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तोंडातून निघालं आणि निघालं ते रडतच.

त्याने सुरी खाली ठेवली. "आई, काय गेलं?"

"परीक्षा. मी तो मेला उपास धरला नसता..."

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"कच्चा आहे ते. पहिल्याच घासाला. दिल्लीला आमच्या खोलीतल्या एकाने विजेच्या किटलीत राजमा केला होता. तिघंही दिवसभर आडवे होतो. ती चव विसरत नाही माणूस."

मला आधी कळेचना. चौथी शिट्टी झाली.

"मग खाल्लास कशाला?"

त्याने कांद्याची सालं गोळा केली.

"दोनदा वाढून घेतलंस तू."

"हो. एका ताटाने काही झालं नसतं तर?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. द्वारकेच्या त्या फुटपाथवर मी त्याची पाठ चोळत होते, अकरा महिने स्वतःला जाळत होते, आणि हा सगळं माहीत असून पोळ्या खात होता. मी त्याच्या दंडावर चापट मारली, चांगली जोरात.

"मला कधी सांगणार होतास?"

"रोज म्हणायचो, आज सांगतो. तुझा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही. चुकलं माझं. तेवढं खरंच चुकलं."

"अरे पण नव्हती द्यायची तर सरळ सांगायचं! मी काय खाल्लं असतं तुला?"

त्याने गॅस बारीक केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या सकाळी ताटावर बसून मी म्हणालो असतो, आई, मला जायचं नाही, तर तू काय केलं असतंस?"

तोंडापर्यंत आलं होतं, नसतं पाठवलं. बोलले असते तर त्याने मानही डोलावली असती. पण मला तो पांढरा शर्ट दिसला. मांडीवरची पिशवी दिसली. तो फुटपाथवर वाकलेला असताना मी घड्याळ बघत होते, ते दिसलं.

"पाठवलं असतं," मी म्हणाले. "हाताला धरून गाडीत बसवलं असतं."

तो पुढे झाला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला. एवढा उंच मुलगा, कमरेत वाकून.